पंधरा पाऊणे सव्वाअकरा

गाडी भाड्याने देणाऱ्या माणसाने चावीच्या आधी माझ्या हातात एक कागद ठेवला. लॅमिनेट केलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला, एकूण एकतीस सूचना. मी तो गंभीर चेहऱ्याने वरून खालपर्यंत पाहिला. पाहिला म्हणतोय, वाचला म्हणत नाही. तसला कागद मिक्सरच्या खोक्यातही असतो आणि तरी लोक चटणी वाटतातच.

कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, ही कल्पना मुळात मेव्हण्याची. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते घोळत होतं. सरकारी धोरण इतकं मनावर घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. "हॉटेल नको, बुकिंग नको, समुद्र दिसला की थांबायचं," असं पुण्यात सोफ्यावर बसून सांगून ऐनवेळी तो ऑफिसच्या कामात अडकला. पैसे भरलेले होते. तेव्हा हनुमान जयंतीला जोडून सुट्टी काढून आम्ही चौघं निघालो: मी, बायको, नुकताच दहावीच्या परीक्षेतून सुटलेला चिरंजीव आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईने गाडीत पाऊल टाकताच ओटा पाहिला, सिंक पाहिलं, आणि "फरशी कोणी पुसलीय ही?" म्हणत कामाला लागली. प्रवासाला जातोय असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही. तिच्या मते आम्ही एका लहान ब्लॉकमध्ये राहायला आलो होतो आणि तो ब्लॉक हलत होता.

निघताना मी पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. फुकटचं पाणी कोण सोडतो? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे शाळेत शिकलेलं ताम्हिणी घाट उतरताना आठवलं. वळणावर ते वजन एका बाजूला ओढायचं आणि पुढच्या वळणापर्यंत गाडीही त्याच्या मताची व्हायची. मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. काही वेळाने करपल्याचा वास आला. "कुणाची तरी गाडी तापलीय," मी तुच्छतेने म्हणालो. मागेपुढे गाडी नव्हती. एका टपरीशी थांबलो तेव्हा चहा पिणाऱ्या ट्रकवाल्याने चाकाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकला सारखं दाबून ठेवलं की ऐनवेळी तो रुसतो." सूचना क्रमांक नऊ हेच सांगत होती. पण छापलेल्या वाक्याला बिडीचा वास नसतो, म्हणून ते पटत नाही.

दापोलीला रस्त्याकडेला आईने पोहे टाकले. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळला की पलीकडच्या आंब्यावरचे कावळे उडाले. गाडीत अलार्म दोन: एक छताला धुराचा, दुसरा फरशीजवळ गॅसचा. मी दोघांच्याही बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या. वरच्याने गुन्हा केला, खालच्याने नाही, पण न्याय सर्वांना समान.

दाभोळहून धोपाव्याला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडली. उतरताना गाडीचं मागचं बूड धक्क्याच्या उताराला खर्रकन घासलं. "ओहोटी लागलीय, म्हणून चढ उभा झालाय," जेटीवरचा पोरगा म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि ती माहिती तिथेच सोडून पुढे निघालो. ती बरोबर घ्यायला हवी होती.

गुहागरला खालच्या पाटात एका आप्पांच्या अंगणात गाडी लावायची परवानगी आधीच घेतली होती. पण त्या आळीत शिरताना कळलं की आपली गाडी सव्वानऊ फूट उंच आहे आणि कोकणातला फणस हा आठ फुटांवर विचार करणारा वृक्ष आहे. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, वर फांद्या, त्यातून लोंबणारी विजेची वायर. बायको काठी घेऊन पुढे चालत होती, चिरंजीव मागून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता, आणि छताची झडप उघडी राहिलीय हे दोघांनाही दिसलं नाही. ती फांदीने काढून घेतली. तेवढ्यावर माझा धीर सुटला. "अंगण गेलं उडत. समोर एवढा समुद्र आहे, तिकडे लावू."

आणि समुद्र खरंच एवढा होता! पावणेसहा वाजलेले, सूर्य खाली आलेला, आणि सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत ही एवढी सपाट, ओली, घट्ट पुळण. वाहने आणू नयेत असा फलक होता. असे फलक दुसऱ्यांसाठी असतात, अशी माझी समजूत आहे. गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, आईला खुर्ची काढून दिली, मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

अर्ध्या तासाने आप्पा आले. लुंगी, खांद्यावर पंचा, हातात कोयती. आम्ही अंगणात का आलो नाही हे बघायला बिचारे चालत आले होते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"मुक्काम इथेच?"

"हो, म्हटलं लाटांचा आवाज ऐकत झोपू."

"ऐकाल की. अगदी उशाशी ऐकाल." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, आज तिथी कोणती?"

"पौर्णिमा. हनुमान जयंती नाही का!"

"पंधरा पाऊणे?"

आईने सुपारी कातरता कातरता, मान वर न करता उत्तर दिलं, "पंधरा पाऊणे सव्वाअकरा."

मला वाटलं दोन म्हातारी माणसं शाळेच्या आठवणीत रमलीत. आप्पांनी उलगडून सांगितलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, आणि रोज पाऊण तासाने पुढे. त्यात अष्टमीला भांगाची भरती, ती बेताची, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. "उधाणाची ओहोटीही तेवढीच लांब जाते. म्हणून तुम्हाला एवढं मैदान दिसलं. रात्री सव्वाअकराला ते तिथं असेल," असं म्हणून त्यांनी कोयतीने जिकडे दाखवलं ते आमच्या मागे होतं.

मी गाडी चालू केली. चाकं फिरली, गाडी हलली नाही. आणखी रेस केली तशी ती बसकण मारल्यासारखी खाली गेली. "पाय काढा हो त्यावरनं!" आप्पा ओरडले. "जेवढं फिरवाल तेवढी रुतेल."

पुढचे तीन तास मी विस्ताराने सांगणार नाही. त्यात माझी भूमिका फारशी भारदस्त नव्हती. चारही टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत कमी रुततो. चाकांपुढची पुळण हातांनी उपसली. बायको आणि चिरंजीव आप्पांच्या वाडीतून माडाच्या झावळ्या ओढून आणत होते. त्या चाकांखाली घातल्या. शंभर लिटरची टाकी सोडून दिली, आणि फुकटचं पाणी गुहागरच्या समुद्राला मिळालं. मग एक ट्रॅक्टर आला आणि त्याबरोबर कुणीही न बोलावलेली वीसेक माणसं. मी दोर बंपरला बांधायला निघालो होतो. ट्रॅक्टरवाल्याने माझ्या हातातून तो काढून घेतला, खाली वाकून चासीचा हूक शोधला आणि सगळ्यांना दोराच्या दोन्ही बाजूंनी लांब उभं केलं. "तुटला तर पाय घेऊन जातो," तो म्हणाला. सव्वानऊला गाडी सुरूच्या बनात आली. आई खुर्ची घडी करून सगळ्यांच्या आधीच तिथे पोचली होती.

शेवटी आप्पांच्या अंगणातच गाडी लागली. आधी माडाखाली लावत होतो. नारळ पडायला मुहूर्त बघत नाही, म्हणून तिथून हलवली. आप्पांनी पंपाच्या खोलीतून वायर दिली. मी उरलेली वायर नीट गुंडाळून ठेवली, तर त्यांनी ती पायाने सगळी उलगडली: एसीच्या लोडवर गुंडाळी आतल्या आत तापते म्हणे. या माणसाने माझ्या हाताला लागलेली एकही गोष्ट त्या रात्री तशीच राहू दिली नाही.

अकराच्या सुमाराला आईला चहा हवासा झाला. ती आत गेली आणि दारातूनच म्हणाली, "गॅसचा वास येतोय का रे?" येत होता. चांगलाच. बायकोचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला आणि चिरंजीव ओरडला, "आई, बटण नको!" दहावीचा क्लास वसूल झाला. दारं सताड उघडली, सिलिंडरचा कॉक बंद केला, सगळे बाहेर. गाडी चालू असताना सिलिंडर बंद ठेवा, ही सूचना क्रमांक चार. आमचा पुण्यापासून चालूच होता आणि ट्रॅक्टरच्या हिसक्यांनी नळी सैल झाली होती.

पण गॅस साचला कसा? हवेपेक्षा जड असतो तो, खाली बसतो. म्हणून तर ओट्याखाली फरशीला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, तिथून बाहेर पडावा म्हणून. टॉर्च अंगणातच लावून घेतला, वास पार गेल्यावर आत जाऊन खाली वाकून पाहिलं. भोकात आईच्या जुन्या सुती साडीचा बोळा गच्च बसवलेला होता. हिरवा, बारीक बुट्टीचा.

"झुरळं येतात तिथून," आई म्हणाली. "ताम्हिणीतच बुजवलं मी."

मी काही बोलणार होतो. मग खिशात हात गेला आणि अलार्मच्या बॅटऱ्या लागल्या, तेव्हा गप्प बसलो.

नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले, पट्टा आवळला. आता झोप कुणालाच येणार नव्हती, म्हणून आम्ही आप्पांच्या पाखाडीतून समुद्रापर्यंत गेलो. घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते. चांदण्यात पाणी सुरूच्या मुळांशी आलं होतं. आमचे खड्डे, झावळ्या, आईच्या खुर्चीचे चार ठसे यांतलं काहीही दिसत नव्हतं. आईने पाण्याला नमस्कार केला. मीही केला, जरा जास्तच वाकून.

सकाळी गाडीतल्या संडासाची टाकी काढून, दोन्ही हातांत धरून, मी आप्पांच्या पडवीवरून सेप्टिक टँककडे चाललो होतो. उघड्यावर किंवा ओढ्यात ओतायची नाही, हे मात्र मी वाचलं होतं. पडवीत मंडळी घावन खात बसली होती. "पाव्हणे," आप्पा म्हणाले, "संडास आमच्याकडेही आहे. तुम्ही तो घेऊन का हिंडता?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाट धरला. जड सामान खाली, चाकांच्या जवळ, असं बजावून आंब्याच्या पाच पेट्या खालीच ठेवल्या होत्या. वरच्या कप्प्यात फक्त एक बरका फणस होता, आप्पांनी प्रेमाने दिलेला, आणि त्या कप्प्याची कडी मी लावली होती असं मला वाटत होतं. तिसऱ्या वळणावर तो आला. कुणाला लागलं नाही. पण पाटणपर्यंत आम्ही सगळे त्याच्यातच बसून होतो.

पुण्यात गाडी परत करताना त्या माणसाने तोच कागद काढला आणि एकेक खूण करत फिरला. झडप. बूड. वाळू. सीटवरचा चीक. तो काहीतरी लिहीत होता आणि आकडा वाढत होता. शेवटी सवयीने त्याने विचारलं, "तुमच्याकडून काही तक्रार?"

"आहे," आई म्हणाली. "ओट्याखाली भोक पडलंय. तेवढं बुजवून घ्या."