मार्ग जावो, स्लॉट राहो

अभिनंदन! आजपासून तुम्ही एका विमान कंपनीचे मार्ग-नियोजक. पहिल्याच दिवशी वरून फर्मान आलंय: गर्दीच्या विमानतळावरून चार मार्ग कमी करा. तुम्ही भाबडेपणानं तोट्यातले मार्ग शोधायला बसाल. बसू नका. नवखे लोक तिथेच फसतात.

आधी इस्टेट कशाला म्हणतात ते समजून घ्या. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणं आणि उतरणी, त्यापुढे एकही नाही. अशा ठिकाणी विमान ही इस्टेट नव्हे. विमान भाड्यानंही मिळतं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी धावपट्टी वापरण्याचा हक्क, म्हणजे स्लॉट, ही इस्टेट. २०१६ मध्ये ओमान एअरनं हिथ्रोच्या स्लॉटच्या एका जोडीसाठी (एक उतरण्याचा, एक उडण्याचा) साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. त्यात विमान नव्हतं, साधी खुर्चीसुद्धा नव्हती. मार्ग हा या इस्टेटीतला भाडेकरू. आज ७:१० ला एका गावाला जा, उद्या दुसऱ्या. हक्क तुमचाच राहतो.

म्हणून ‘हा मार्ग कमावतो का?’ असं विचारूच नका. ‘याच वेळेत दुसरं कोण जास्त कमावेल?’ असं विचारा. छोट्या गावचं सत्तर आसनांचं विमान रोज भरून येतं, चार पैसे सुटतात, पायलटला प्रवासी नावानं ओळखतात. काढून टाका. त्याच वेळेत तीनशे आसनांचं विमान समुद्रापार जाऊ शकतं आणि धावपट्टीच्या लेखी दोन्ही विमानं एकच. उलट रात्री उशिराच्या, कुणालाच नको असलेल्या वेळेतला रडका मार्ग खुशाल चालू द्या. तिथे दुसरा भाडेकरू येणार कुठून?

एखादा हट्टी सहकारी म्हणेल, “पण त्या सत्तरातले चाळीस जण पुढे आपलंच लांबचं विमान पकडतात!” घाबरू नका. अशा प्रवाशाच्या तिकिटाचे पैसे दोन उड्डाणांत वाटले जातात आणि वाटणीचं सूत्र तुमच्या हातात असतं. अंतराच्या प्रमाणात वाटा. तासाभराच्या उड्डाणाच्या पदरात चिल्लर पडते आणि काल नफ्यात असलेला मार्ग दुपारच्या बैठकीपर्यंत तक्त्यात लाल होतो. एक प्रवासी कमी झाला नाही, एक लिटर इंधन जास्त जळलं नाही. (पुढे लांबच्या विमानातही चाळीस खुर्च्या रिकाम्या राहतील. पण तो तक्ता दुसऱ्या विभागाचा.)

आता कापायचं कसं? वर्षात दोन मोसम, उन्हाळी आणि हिवाळी. मोसमात स्लॉट ८० टक्के वापरला, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा तुमचाच. मोसम ३० आठवड्यांचा असेल तर मंगळवारचा ७:१० चा स्लॉट २४ मंगळवार वापरला की झालं. सहा मंगळवार माफ. त्यामुळे रद्द करायचं तेही समान वाटून: या आठवड्यात मंगळवार, पुढच्या आठवड्यात गुरुवार, कुठल्याच वाराच्या स्लॉटचा वापर ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. यासाठी दिवसातून आठ फेऱ्यांचा मार्ग सोन्यासारखा. अकराची फेरी रद्द करा आणि माणसं एकच्या विमानात कोंबा. आणि जे कायमचं सोडायचं असेल ते उन्हाळ्यासाठी ३१ जानेवारीच्या आत, हिवाळ्यासाठी ३१ ऑगस्टच्या आत परत करा. ८० टक्क्यांचा हिशोब त्या तारखेला हातात असलेल्या स्लॉटवरच होतो.

प्रवासीच नसतील तर? तरीही उडा. ब्रिटिश मेडिटेरेनियन एअरवेजनं ताश्कंदची सेवा थांबवली, तेव्हा स्लॉट हातचा जाऊ नये म्हणून हिथ्रो ते कार्डिफ असं रिकामं विमान नेलं. २००७ मध्ये हे प्रकरण गाजलं. रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. फक्त रुमालाला दोन इंजिनं होती. कोरोनाच्या महासाथीत युरोपनं हा ८० टक्क्यांचा नियम आधी स्थगित केला आणि नंतर सैल करून परत आणला, तेव्हा लुफ्तान्झा समूहानं जाहीरच केलं की २०२१-२२ च्या हिवाळ्यात निव्वळ स्लॉट टिकवण्यासाठी १८ हजार अनावश्यक उड्डाणं करावी लागतील. स्लॉट सोडून देण्याचा पर्याय होताच म्हणा. पण एवढं टोकाचं पाऊल कोण उचलणार?

शेवटी निवेदन. ‘व्यावसायिक कारणांमुळे’ पुरे. ‘जड अंतःकरणाने’ घालायचं असेल तर घाला, पण ‘तोटा’ हा शब्द टाळा. कुणीतरी आकडे मागेल. गावचं शिष्टमंडळ येईल, महापौर असतील, इस्पितळाचे डॉक्टर असतील. त्यांना विमानतळाच्या क्षमतेचा आलेख दाखवा. त्याच वेळेत उद्यापासून जाणाऱ्या नव्या विमानाची जाहिरात मागच्या भिंतीवर असेल तर तेवढी आधी उतरवून ठेवा.

फारच रडारड झाली तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसचं उदाहरण द्या. ब्रिटिश एअरवेजनं १९९७ मध्ये तिथली हिथ्रोची सेवा बंद केली. मधल्या काळात दुसरी एक कंपनी येऊन गेली. २०१६ मध्ये ब्रिटिश एअरवेज परत आली की नाही? महापौरांना सांगा, एकोणीस वर्षं थांबा.