आधी सीट बघा, मग पॉइंट हलवा

एका लेखात लिहिलंय की क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमवा अन् विमानाच्या फर्स्ट क्लासनं फुकटात फिरा, पण फुकटात नाही ओ, टॅक्स अन् काही एअरलाइन्सचा सरचार्ज खिशातून भरावाच लागतो, ते स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. आमचं सोलापुरात टॉवेल-चादरीचं काम आहे, सुताचं पेमेंट, ट्रान्सपोर्ट सगळं कार्डावर करतो म्हणून पॉइंट जमले, अन् वडिलांना एकदा तरी पुढच्या सीटवर बसवायचं हे डोक्यात पक्कं होतं कारण उभा जन्म त्यांनी मागावर उभं राहून काढला. घाईत सगळे पॉइंट क्रिसफ्लायरला, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्सच्या खात्यात पाठवले (तिथं पॉइंटचे माइल्स होतात, त्यावर तिकीट मिळतं) आणि मग बघतोय तर पाहिजे त्या तारखेला माइल्सवर मिळणारी सीटच नाही, आणि एकदा पाठवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत!! ते माइल्स ३ वर्षांत संपतात, म्हणजे घड्याळ चालू. त्यामुळे आधी सीट शोधा, साधारण वर्षभर आधी बुकिंग उघडतं तेव्हाच बघा. अजून एक, विमान कुठलंय ते बघाच, सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३८० मध्ये स्वीट (फर्स्ट क्लासच्या बंद खोल्या) आहेत पण ए३५० मध्ये बिझनेसच सगळ्यात वरचा.

आम्हाला शेवटी एकच सीट मिळाली, वडिलांना पुढं बसवलं, मी मागं इकॉनॉमीत. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठली तोवर ते नको नको म्हणत होते. विमानातून उतरल्यावर पहिलं काय बोलले, तर तिथल्या चादरीचं सूत लई बारीक होतं, हात फिरवून बघितलं म्हणे. मला रडूच आलं.