ओकिएकांचे जंगल आणि आपला आक्षेप: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केनियातील माउ या डोंगराळ जंगलात शिकार आणि मध यांवर जगत आलेल्या ओकिएक समाजावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: ओकिएक आता मका पिकवतात, गुरे पाळतात, मोबाइल वापरतात, तेव्हा त्यांच्या पारंपरिक वनजीवनाचे गोडवे गाणे हा भाबडेपणा आहे, शिवाय माउचे जंगल गेले तर तेथून निघणारी मारा नदी आटेल, म्हणून तेथून माणसे हलवणे सरकारला भागच आहे आणि कायदा सर्वांना सारखाच हवा. हे दोन आक्षेप एकमेकांत मिसळल्यामुळे जोरकस वाटतात. वेगळे करून पाहिले, तर दोन्हींत एकच गृहीतक दिसते: जंगलातले जगणे म्हणजे काही जुन्या वस्तू आणि सवयी, आणि त्या सुटल्या की हक्कही सुटला.

ओकिएक शेती करतात हे खरेच आहे आणि ते आजचे नाही. त्यांच्यातील अनेक गट १९३० ते १९४० च्या दशकांपासून थोडीफार शेती करू लागले. त्याआधीही ते जगापासून तुटून राहिलेले लोक कधीच नव्हते. मासाई, किपसिगिस, नांदी या शेजाऱ्यांना ते मध देत आणि बदल्यात जनावरे किंवा धान्य घेत. पुढे १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली. बोंगोसारख्या दुर्मीळ हरणाची आजची अवस्था पाहता त्या बंदीविरुद्ध मी काही लिहिणार नाही. परंतु उदरनिर्वाहाचा एक मोठा आधार कायद्याने काढून घेतल्यावर लोक मक्याकडे अधिक वळले, तर तो मकाच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडणे मला न्याय्य वाटत नाही.

मी परंपरा म्हणतो ती कशाला, हे मधाच्या व्यवस्थेवरून अधिक स्पष्ट होईल. माउचा उतार चढत जावा तशी झाडे बदलतात: पायथ्याशी मोकळे, झुडपी रान, त्यावर सीडर आणि पोडोची उंच झाडी, आणखी वर बांबू. प्रत्येक उंचीवरचा फुलोरा वेगळ्या काळात येतो, म्हणून मधाचा हंगामही उतारावरून वरखाली सरकत राहतो. ओकिएकांची जमिनीची वाटणी याच हिशेबाने झालेली होती. एकेका कुळाकडे डोंगराची एक उभी पट्टी असे, खालच्या रानापासून वरच्या दाट जंगलापर्यंत पोहोचणारी आणि ओढे किंवा डोंगरधारा यांच्या हद्दीत बांधलेली, म्हणजे एका उंचीवरचा फुलोरा संपला की त्याच कुळाच्या माणसांना आपल्याच हद्दीत दुसऱ्या उंचीवर मध मिळे. दुसऱ्याच्या पट्टीत पोळी टांगायची, तर त्या कुळाची संमती लागे. पोळी म्हणजे पोकळ केलेले लाकडी ओंडके. ते उंच झाडाच्या बेचक्यात बसवायचे आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची देखभाल करायची. मध काढायला पुरुष धुमसत्या जुडीची धुरी देत झाडावर चढतो आणि मध कातड्याच्या पिशवीत भरून खाली आणतो. त्यातला काही खाण्यासाठी, काही विनिमयासाठी आणि बराचसा मद्यासाठी. लग्नाची बोलणी असोत किंवा मुलामुलींना वयात आणण्याचे विधी, मधाच्या मद्यावाचून ते पार पडत नसत.

या साऱ्याला मराठीत नेमका शब्द आहे: वहिवाट. कोणत्या कुळाने कुठे पोळी टांगायची, कोणाची संमती घ्यायची, हद्द कोणत्या ओढ्याची, हे नियम मोबाइल खिशात आल्याने रद्द होत नाहीत. आपल्या गावातला शेतकरी ट्रॅक्टर चालवू लागला म्हणून त्याच्या वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क गेला, असे आपण म्हणत नाही.

त्याच वेळी ओकिएक म्हणजे जन्मजात वनरक्षक, असेही माझे म्हणणे नाही. नारोक भागात १९७० च्या दशकापासून जमिनीच्या सामूहिक नोंदी झाल्या, त्यांत बाहेरच्यांची नावेही घुसली आणि पुढे वैयक्तिक तुकडे पडल्यावर काही ओकिएकांनीही आपले तुकडे विकले. तेथील झाडी उतरली, शेते झाली. या गोष्टीने मला अस्वस्थ केले आहे. पण त्यातून सिद्ध होते ते आपल्या म्हणण्याच्या उलट. कुळाची वहिवाट मोडून तिच्या जागी विकता येईल असा कागद आल्यानंतर हे घडले.

आता मारा नदीकडे वळतो. मासाई मारा अभयारण्यात हजारो विल्डबीस्ट (गवतावर जगणारी मोठी हरणे) नदी ओलांडताना आपण पाहिलेत, असे आपण लिहिले आहे. दरवर्षी पुण्यामुंबईहून कितीतरी मराठी पर्यटक तेच पाहायला जातात. त्या नदीचे अमाला आणि न्यांगोरेस हे दोन्ही उगमप्रवाह माउच्या जंगलातूनच येतात, म्हणून आपली काळजी रास्त आहे. मात्र जंगल कोणी कमी केले हा प्रश्न आपण ओलांडून गेलात. वसाहतकाळातल्या वनखात्याने देशी झाडी काढून इमारती लाकडासाठी सायप्रस आणि पाइन लावले. १९३२ मध्ये नेमलेल्या भूमी आयोगाने ओकिएकांना स्वतंत्र जमीन देण्याऐवजी शेजारच्या मोठ्या जमातींच्या राखीव क्षेत्रांत सामावून घेण्याची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर लोकांना वसवण्यासाठी जंगलाचे तुकडे पडत राहिले आणि २००१ मध्ये सरकारने एकट्या माउमधील सुमारे ६१ हजार हेक्टर जमीन वनक्षेत्रातून वगळली. २०१९ च्या जनगणनेत साऱ्या केनियात मिळून ओकिएक भरले जेमतेम ५२ हजार. एवढ्या लहान समाजाने माउ संपवला, हे मला पटत नाही.

आणि ते न्यायालयालाही पटले नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये केनियाच्या सरकारी वनसेवेने ओकिएकांना तीस दिवसांत जंगल सोडण्याची नोटीस दिली; ते प्रकरण टांझानियातील अरुशा येथील आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयापुढे गेले. २६ मे २०१७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की माउच्या ऱ्हासाला ओकिएक कारणीभूत असल्याचा पुरावा सरकारने दिलेला नाही, आणि बाहेरच्यांची अतिक्रमणे, सरकारने लोकांना वसवण्यासाठी तोडून दिलेली जमीन व अविचाराने दिलेले लाकूडतोडीचे परवाने ही ऱ्हासाची कारणे दिसतात. सर्वांना एकच कायदा, या आपल्या अपेक्षेबद्दल एवढेच सांगतो की केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतील ६३ वे कलम शिकारी-संग्राहक समाजांच्या परंपरागत जमिनींना सामुदायिक जमीन मानते. ओकिएक कायद्यातून सूट मागत नसून त्याच कायद्याची अंमलबजावणी मागत आहेत.

माणसे हलवायची नाहीत तर सरकारने करायचे काय, असे आपण शेवटी विचारले आहे. २३ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने याचे उत्तर दिले: ओकिएकांशी विचारविनिमय करून त्यांच्या जमिनीची हद्द आखावी, सामूहिक मालकीची नोंद करून द्यावी आणि १५ कोटी ७८ लाख ५० हजार शिलिंग भरपाई द्यावी. त्यानंतर दीड वर्ष उलटण्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, नारोक जिल्ह्यातील सासिम्वानी भागात ओकिएकांची घरे पाडण्यात आली, आणि त्यासाठी सांगितलेले कारण होते न्यायालयाने २०१७ मध्येच अमान्य केलेले, वनसंरक्षणाचे.