‘चोचले’ या शब्दाबद्दल

नमस्कार ‘ठाणेकर’ (नाव लिहायचं तुम्ही टाळलंत, तेव्हा हेच चालवून घेते),

कुत्र्याचं पिल्लू घेण्याआधी ब्रीडर (पिल्लांची पैदास करून विकणारा) कसा पारखायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. ४५ दिवसांचं पिल्लू आणलं तरी चालतं असं मी लिहिलं होतं, ते चूक. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दलच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. ‘आधी गुगल तरी करा, बाई’ हे मात्र त्यासाठी लिहायलाच हवं होतं असं नाही.

पिल्लाची आई स्वतः जाऊन बघा, असं मी लेखात म्हटलं होतं. आता त्यावरचं तुमचं ते वाक्य : ‘पिल्लाची आई बघायला गाडी काढून दोन तास जायचं, हे पैसेवाल्यांचे चोचले.’

चोचले! २०१२ साली आम्ही वर्तकनगरला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहत होतो. लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचं म्हणून वर्षभर पैसे साठवले होते. विकणारा फोनवर इतका गोड बोलायचा की बस. ‘आई फार्मवर आहे ताई, तुम्ही कशाला तंगडतोड करता, मीच आणून देतो.’ घोडबंदर रोडवरच्या एका पेट्रोल पंपाशी त्याने आंब्याच्या पेटीतून लाडूला, म्हणजे आमच्या त्या पिल्लाला, आमच्या हातात दिलं. लसीच्या कार्डावर दोन तारखा होत्या, दोन्ही एकाच बॉलपेनने लिहिलेल्या. कुपीवरचा स्टिकर चिकटवायची जागा कोरी. तो स्टिकर असतो हेच तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी लाडू पाण्याच्या वाटीशी तोंड ठेवून नुसता पडून राहिला. रात्री रक्ताचे जुलाब. पार्व्होचा (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. सलाईनची बाटली आम्ही खिडकीच्या ग्रिलला टांगली होती. आठव्या दिवशी गेला. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे बहुधा तो येतानाच आजार घेऊन आला, असं डॉक्टर म्हणाले. विकणारा म्हणाला, ‘तुमच्याकडेच काहीतरी झालं असणार.’ त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. औषधपाण्याचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या वर गेला. पैसेवाले म्हणे!

पुढचं पिल्लू दीड वर्षाने पनवेलजवळून आणलं. गाडी नव्हतीच. ठाणे-पनवेल लोकल, पुढे रिक्षा. आई आधी फाटकाशी आली, आमचे हात हुंगले आणि मग आम्ही आणि पिल्लं यांच्या मधोमध जाऊन बसली. अंगाने भरलेली, केस चकचकीत, माणसाला न बुजणारी. १८ महिन्यांच्या आतल्या मादीला गाभण ठेवायचं नाही असा आता २०१७ च्या त्याच नियमांत नियम आहे. या ब्रीडरने तेव्हाच, न मागता तिची जन्मतारीख दाखवली. आम्ही विचारले त्याहून जास्त प्रश्न त्याने आम्हाला विचारले. ‘घरमालकाची परवानगी आहे का?’ लेखी नव्हती, म्हणून त्या दिवशी पिल्लू दिलंच नाही. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. पुढच्या रविवारी चिठ्ठी घेऊन परत गेलो.

तुम्ही कधी कुणाच्या घरी सलाईन टांगलेलं पिल्लू बघितलंय का? नसेल, तर शब्द जरा जपून वापरा.

बाकीचे मुद्दे. ‘केनेल क्लबचे पेपर असले की झालं’ : केनेल क्लब म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था; तिच्या कागदावर वंशावळ असते, तब्येत नसते. ‘रस्त्यावरची पिल्लं दत्तक घ्या’ : घ्या की, मी कुठे अडवलंय? लेखाचा विषय तो नव्हता. नोंदणी असलेले ब्रीडर महाग पडतात, हे असेलही.

४५ दिवसांचं मी माझ्या लेखात दुरुस्त केलं. ‘चोचले’चं काय करायचं ते तुम्ही बघा.