वजन, अक्कल आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'वजन वाढलं की निर्णयक्षमता ढासळते' हे माझ्या लेखातलं वाक्य उचलून तुम्ही विचारलंत, "माझं वजन शाळेपासून जास्त आहे आणि कामावरचे अवघड निर्णय सगळे माझ्याकडेच येतात. आता काट्यावर उभं राहून अक्कल सिद्ध करायची का?" शेवटी हेही विचारलंत, की तीन महिने रोज चालूनही काटा हलला नाही, तर चालणं बंद का करू नये?

ते वाक्य चुकलंच. 'ढासळते' म्हटलं की वजनावर ठपका येतो आणि तेवढा पुरावा माझ्या हातात नव्हता. मोहाला आवर घालण्याच्या चाचण्यांत स्थूल आणि सडपातळ गटांच्या सरासरीत थोडा फरक दिसतो, पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कुणाचं वजन पाहून त्याच्या बुद्धीबद्दल काहीच सांगता येत नाही. शिवाय अपुरी झोप, नैराश्य, पैशांची ओढाताण या गोष्टी वजनाशीही निगडित आहेत आणि विचारांशीही. कशामुळे काय होतं, हे नुसत्या तुलनेतून सुटत नाही. वाक्य बदललं आहे. तुम्हाला ते लागलं, याबद्दल मनापासून माफी मागते.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही, कारण तो तुमच्याच बाजूने आहे. खाण्याचा निर्णय आपण घेतो असं वाटतं, पण तो घेण्याआधी शरीराने मेंदूला काय कळवलंय यावर बरंच काही ठरलेलं असतं.

1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात आणि शरीरात साठा किती आहे, ते मेंदूला त्यावरून कळतं. 1997 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एकाच कुटुंबातल्या दोन मुलांची हकिगत मांडली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो. जनुकातल्या दोषामुळे दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच, म्हणून भूक शमतच नव्हती. दोन वर्षांच्या पोराला संयमाचे धडे कोण देणार? पुढे मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली, तेव्हा तिची भूकही आटोक्यात आली आणि वजनही उतरू लागलं.

हाच आजार असलेल्या दोन तरुण रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन 2007 साली प्रसिद्ध झाले. त्यांना खाद्यपदार्थांची चित्रं दाखवली होती. उपचाराआधी पोटभर जेवण झाल्यावरही त्या चित्रांनी मेंदूतला ओढ जागवणारा भाग पेटून उठायचा. लेप्टिन सात दिवस दिल्यावर तो फक्त उपाशीपोटी पेटू लागला. सात दिवसांत कुणाची इच्छाशक्ती नव्याने घडत नाही.

हा आजार फार दुर्मीळ आहे. नेहमीच्या स्थूलतेत लेप्टिन उलट जास्तच असतं, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणूनच बहुतेकांना ते वरून टोचून फारसा उपयोग झाला नाही.

आता उलटं उदाहरण. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटलं. ही माणसं ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. लक्ष लागत नाही, काही सुचत नाही, असं ती सांगत. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र खरी घसरण दिसली नाही. अक्कल जागेवर होती, ध्यान सगळं अन्नात अडकलं होतं. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लठ्ठ कुणीच नव्हतं.

मी स्वतः सडपातळ आहे आणि त्याचं श्रेय आयुष्यभर माझ्या 'शिस्तीला' मिळत आलं. खरं सांगायचं तर आवडीचं ताट समोर असलं तरी नको म्हणायला मला कष्टच पडत नाहीत. जिथे झगडावंच लागत नाही, तिथे शिस्तीची शाबासकी कशाची? रोज झगडून थोडंसं जिंकणाऱ्यांना मात्र ती मिळत नाही, उलट टोमणे मिळतात. टोमण्यांनी वजन उतरतं हा समजही खोटा. एका प्रयोगात जाड लोकांना नोकरीत कसं डावललं जातं याची बातमी वाचायला दिली, तेव्हा स्वतःला जाड समजणाऱ्या स्त्रियांनी नंतर जास्तच खाल्लं.

आता तुमचं चालणं. ते बंद करू नका. काटा हलत नाही याचं मला नवल वाटत नाही, नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाहीच. पण चालण्याचा हिशेब काट्यावर मांडूच नये. 2011 च्या एका अभ्यासात 55 ते 80 वयाच्या 120 जणांपैकी निम्मे आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालले, उरलेल्यांनी अंग ताणण्याचे व्यायाम केले. वर्षभरात चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी जोडलेला मेंदूचा भाग, सुमारे 2 टक्के वाढला. दुसऱ्या गटात तो आक्रसला. स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले, म्हणून यावरून मोठे दावे मी करत नाही. पण वयाबरोबर झिजणारा भाग नुसत्या चालण्याने वाढू शकतो, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

आणि एक. दुपारी डोकं जड होतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त वजनासोबत बऱ्याचदा असतो आणि दिवसा लक्ष न लागण्यामागे तोच असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते सुरू करण्यासाठी आधी वजन उतरवावं लागत नाही.