पॉवर कंडिशनर घ्या, पण आधी भिंतीतली तिसरी पिन तपासा

गणपती जवळ आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. आशय असा: कोकणात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा गावच्या घरी होम थिएटर लावताना एक पॉवर कंडिशनर घ्या आणि टीव्ही, रिसीव्हर (स्पीकरना ताकद देणारा डबा), सबवूफर, सेट-टॉप बॉक्स सगळं त्यावरच जोडा. व्होल्टेज सरळ होईल, वीज कोसळली तरी काही होणार नाही, जुन्या घरात अर्थिंग नसलं तरी चालेल, स्पीकरमधली घरघर थांबेल, आवाज आणि चित्र उजळेल, वर बिलही कमी येईल.

पॉवर कंडिशनर म्हणून मिळणारे बहुतेक डबे उघडले तर आत मुख्यतः दोन गोष्टी सापडतात. एक फिल्टर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर. तारेतून येणारा उच्च वारंवारतेचा गोंगाट तो अडवतो. दुसरी एमओव्ही नावाची चकती. व्होल्टेज क्षणभर फार चढलं की ती वाट मोकळी करते आणि उसळी स्वतःवर घेते. दोन्ही कामाच्या आहेत. पण कोकणातल्या विजेचं दुखणं मुख्यतः गोंगाटाचं नाहीच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

व्होल्टेजचंच बघा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. वाडीच्या शेवटच्या खांबावरच्या घरात, संध्याकाळी सुपारीच्या बागांचे पंप चालू झाले की पंखा मंदावतो. अशा वेळी फिल्टरवाल्या कंडिशनरमध्ये १८० व्होल्ट आत गेले तर बाहेरही १८०च येतात. व्होल्टेज उचलायला ऑटोट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो स्टॅबिलायझरमध्ये असतो. काही महागड्या कंडिशनरमध्येही असतो, नाही असं नाही. खोक्यावर आत किती व्होल्टपर्यंत चालेल आणि बाहेर किती मिळतील, हे दोन्ही आकडे छापलेले असतील तरच तसं समजावं. गंमत म्हणजे टीव्हीला बहुधा याची गरजच नसते. त्याच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर त्याचा अंतर्गत पुरवठा कमी व्होल्टेज सहज पचवतो. अडचण होते ती जड ट्रान्सफॉर्मरवाल्या रिसीव्हरची. व्होल्टेज पडलं की त्याची ताकद घटते, मोठा आवाज लवकर फाटतो, कधी तो स्वतःहून बंद होतो.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक, आणि ते येतं न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटल्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा खांब आणि तारा आडव्या झाल्या. पण त्यासाठी वादळच लागतं असं नाही, माडाचं एक झावळ पुरतं. दोन फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारांमध्ये, ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. खांबावर न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं त्या ४०० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात त्या वेळी कमी उपकरणं चालू असतील तिथे व्होल्टेज जास्त चढतं. एमओव्ही काही मायक्रोसेकंदांच्या उसळीसाठी बनवलेली असते. साधारण २७५ व्होल्टपर्यंत ती शांत बसते. त्याहून बरंच जास्त व्होल्टेज मिनिटभर आलं की तापते. डबा चांगला असेल तर आतला थर्मल फ्यूज उडतो, स्वस्तातला असेल तर धूर निघतो. इथे खरा राखणदार म्हणजे मेन बोर्डात बसवायचा, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडणारा रिले, किंवा हाय-कट असलेला स्टॅबिलायझर. शोकेसमध्ये मांडण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून त्याची जाहिरात कुणी फिरवत नाही.

आता आकाशातली वीज. संदेशातलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस पिना काढायचं सोडून देतो. विजेच्या एका फटक्यात ३०,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो घरावर किंवा जवळच्या माडावर उतरला तर नखाएवढ्या चकतीने तो अडवावा ही अपेक्षाच चुकीची. लांब कुठेतरी पडलेल्या विजेची तारेतून आलेली उसळी एमओव्ही बऱ्याच अंशी थोपवते, हे खरं. पण प्रत्येक फटक्यानिशी ती थोडी झिजते आणि डब्यावरचा हिरवा दिवा बऱ्याचदा तसाच जळत राहतो.

शिवाय उसळी फक्त प्लगातून येत नाही. कौलांवरची डिश, माडाला आणि फणसाला बांधत आणलेली केबल, राऊटरची लॅन वायर या सगळ्या तिच्या वाटा. डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये आणि पुढे टीव्हीत. म्हणून वळवाच्या पावसानंतर दुरुस्तीला येणारे टीव्ही पुष्कळदा चालू होतात, पण त्यांचं एचडीएमआय पोर्ट मेलेलं असतं. काही कंडिशनरमध्ये केबलसाठीही आत-बाहेरची जागा असते. ती वापरलीत आणि अर्थिंग चांगलं असेल तर उपयोग होतो. फायबर इंटरनेटची काच वीज वाहून नेत नाही, पण राऊटरचा अ‍ॅडॉप्टर शेवटी भिंतीतल्या सॉकेटमध्येच असतो.

मे-जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की घरात हाक येते, "सगळी बटणां बंद करा!" हाक योग्य, पण अपुरी. आपलं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि बटणातली फट विजेला काहीच नाही. प्लग काढायचा, डिशची वायर काढायची, लॅन काढायची. तेही वीज डोक्यावर येण्याआधी; कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी सांगतं, ते फोनमध्ये असू द्या. बाकी मुंग्या आणि पाल यांच्यापासून कुठलाच कंडिशनर वाचवत नाही, आणि कोकणात सेट-टॉप बॉक्स मारण्यात त्यांचाही हात असतोच.

"अर्थिंग नसलं तरी चालतं" हे तर साफ उलटं आहे. फिल्टरमधले काही कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थ भिंतीत कुठेच पोचत नसेल तर कंडिशनरची आणि त्याला जोडलेल्या रिसीव्हरची धातूची बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हाताला मुंग्या येतात आणि टेस्टर मिणमिणतो. "बॉडीला करंट येतो" म्हणून लोक नवा रिसीव्हर दुकानात परत नेतात. बिचाऱ्या रिसीव्हरचा त्यात काही दोष नसतो.

जुन्या चिरेबंदी घरांत वायरिंग दोनच तारांचं असतं आणि तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं, म्हणजे अर्थचं, भोक रिकामं. काही वायरमन तिथे न्यूट्रलच आणून जोडतात. हे कधीही चालवून घेऊ नका. तो न्यूट्रल मागे कुठे सुटला तर रिसीव्हरच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. खड्डा खणून केलेल्या अर्थिंगलाही इथे वेगळी अडचण आहे. जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थचा रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात, पण तेच मीठ अर्थिंगचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खात राहतं. म्हणून अर्थ टेस्टर लावून मोजायचं ते मे महिन्यात. जुलैत कुणाचंही अर्थिंग चांगलंच दिसतं. मेन बोर्डात करंटची गळती झाली की लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि उसळी रोखणारा एसपीडी बसवून घ्यायचा तो यानंतर; चांगल्या अर्थशिवाय एसपीडी उसळी टाकणार कुठे?

घरघरीचं निदान फुकटात होतं. स्पीकरमधून एकसारखा जाड हम येत असेल तर सेट-टॉप बॉक्समधून डिशची किंवा केबलची वायर काढून बघा. हम थांबला तर तो ग्राउंड लूप आहे: केबलचं कवच एकीकडे अर्थ झालंय, रिसीव्हर दुसरीकडे. हा ५० हर्ट्झचा प्रवाह सिग्नलच्या वायरींतून फिरतो, त्यामुळे विजेच्या वायरीवर कितीही फिल्टर लावा, तो तिथेच राहतो. केबलच्या वाटेवर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन हा लूप तोडणारा जोड, लावावा लागतो. हम घालवायला रिसीव्हरची अर्थ पिन कापणारे महाभाग आहेत. त्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. पंप किंवा मिक्सर चालू होताना स्पीकरमध्ये टक्-टक्, खरखर येत असेल तर मात्र कंडिशनर खरोखर घ्यावा. तो त्याच कामासाठी आहे. पण त्याआधी सॉकेट बघा. खाऱ्या हवेने पितळी पिना काळ्या-हिरव्या पडतात, सैल होतात, ठिणग्या पडतात, आणि तीच टक्-टक् ऐकू येते.

चित्र उजळण्याबद्दल: एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचतात किंवा चित्र तुटतं. कंडिशनरने लाल रंग जास्त लाल होत नाही. आणि बिल? घरगुती मीटर युनिट म्हणजे किलोवॅट-तास मोजतो. फिल्टरने ते कमी होत नाहीत.

राहिलं "सगळं एकावरच". डब्यावर ६ अँपिअर लिहिलं असेल तर तो २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्लेअर त्यावर खुशाल घ्या. मोठा रिसीव्हर आणि सबवूफर त्याच सर्किटवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावा, म्हणजे अर्थही एकच राहील. आणि लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लाट देणारा, इन्व्हर्टर चालू होत असेल तर कंडिशनर त्या लाईनवर घेऊ नका. त्या खडबडीत लाटेने फिल्टरचे कपॅसिटर गुणगुणतात आणि तापतात.