फी आमच्याकडून आगाऊ, जबाबदारी मात्र कुणाचीच नाही

सरकारी फी भरताना एक रुपया कमी पडू द्या, अर्ज तिथल्या तिथे परत येतो. चलान आधी, बाकी सगळं नंतर. आणि काम कधी होणार विचारलं की "बघू, येऊन जा पुढच्या आठवड्यात". पैसे घेऊन काम न करणारा खासगी माणूस असता तर त्याला नोटीस धाडता आली असती. इथे मात्र नोटीस कुणाला धाडायची आणि दाद कुठे मागायची, याचं सरळ उत्तर कायद्यातच नाही. माझा राग आहे तो यावर. शेताच्या मोजणीला साहेब आले नाहीत हा मुद्दा त्याच्यापुढे बारीक आहे.

आमच्या शेताची मोजणी करायची होती. बांधाचा वाद आहे, चुलत्यांशी बोलणं बंद आहे, वडिलांना जिवंतपणी हद्द कायम करून हवी आहे. लवकर व्हावं म्हणून जादा दराची फी भरली. मोजणीची नोटीस आली, तारीख पडली. मोजणीच्या दिवशी अर्जदाराला काय काय करावं लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. हद्दीचे दगड आणा, चुना आणा, खुंट्या आणा, झुडपं तोडायला आणि दगड रोवायला मजूर लावा. लगतच्या सगळ्या खातेदारांनाही नोटिसा जातात, म्हणून तेही हातातली कामं टाकून बांधावर येतात. पुण्याहून चुलतभाऊ रजा टाकून आला होता. सत्तरी ओलांडलेले वडील सकाळपासून लिंबाखाली बसून होते. दुपार कलली तरी भूकरमापकाचा, म्हणजे मोजणी करणाऱ्या साहेबाचा, पत्ता नाही. फोन लागला तेव्हा उत्तर मिळालं, "आज पोलीस बंदोबस्तातली मोजणी निघाली, तिकडे आलोय. नवीन तारीख कळवू." बस्स! दिलगिरीचा एक शब्द नाही. मजुरांना रोज द्यावाच लागला, तो आमच्या खिशातून. चुलते उठून जाताना जे हसले, ते तर मी जन्मात विसरणार नाही.

पुढची तारीख पडली, ती निवडणुकीच्या ड्युटीमुळे गेली. एकदा मोजणीचं यंत्र बिघडलं म्हणून गेली. दर वेळी आम्ही तयारीत, दर वेळी खर्च आमचा. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, अजून हातात नाही.

त्याच दिवसांत घरातला नवा मिक्सर बंद पडला. कंपनी दाद देईना, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, आणि मिक्सर बदलून मिळाला. म्हणजे कायदा चालतो! चालवायचा म्हटला तर व्यवस्थित चालतो. मग मोजणीच्या फीसाठी ग्राहक आयोगात जावं म्हणून वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "दाखल करता येईल, पण पहिली काही वर्षं ही तक्रार तिथे चालते की नाही यावरच जातील." कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एस. पी. गोयल प्रकरणात सांगून ठेवलंय की दस्त नोंदवायला जाणारा आणि त्यासाठी मुद्रांक शुल्क, नोंदणी फी भरणारा माणूस ग्राहक नव्हे, कारण निबंधक कायद्याने नेमून दिलेलं काम करतो, सेवा देत नाही. २०१९ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं की कायद्याने आकारलेली प्रत्येक फी अशी सरसकट बाहेर काढता येणार नाही. मग माझी फी कुठल्या बाजूची? ते प्रत्येक अर्जदाराने स्वतःच्या खर्चाने भांडून ठरवून घ्यायचं. बांधावरचा वाद मिटवायला गेलेल्या माणसाने आधी हा वाद लढायचा.

आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती संसदेची, कारण तिला हे दोन ओळींत मिटवता आलं असतं. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की नागरिकांना सेवा देणारी सरकारी प्राधिकरणं ग्राहक कायद्याखाली येतात. इतकंच नाही, अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे द्यावी लागलेली भरपाई शेवटी जनतेच्या पैशातून जाते, म्हणून ती दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करा, असंही सांगितलं होतं. हे तत्त्व उचलून कायद्यात लिहायचं होतं, एवढंच.

संधी काय कमी आल्या? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचं विधेयक २०१५ मध्ये आलं, ते मागे घेतलं. २०१८ मध्ये दुसरं आलं, लोकसभेत मंजूर झालं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बुडालं. तिसरं रामविलास पासवान मंत्री असताना जुलै २०१९ मध्ये लोकसभेने आणि ६ ऑगस्टला राज्यसभेने मंजूर केलं. ऑनलाइन खरेदी आली, फसव्या जाहिराती आल्या, जाहिरात करणाऱ्या नटनट्यांना १० लाखांपर्यंत दंड आला. चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पण 'सेवा' कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या कलमात फी घेऊन दिलेली सरकारी सेवा स्पष्टपणे आलीच नाही. उलट आरोग्यसेवेचा जो उल्लेख आधीच्या मसुद्यात होता, तोही वगळला. मग डॉक्टर कायद्याबाहेर गेले का, यावर मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं आणि २०२२ मध्ये उत्तर मिळालं की नाही, ते अजून आतच आहेत. संसदेने संदिग्ध ठेवायचं आणि लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हा कुठला न्याय?

त्याआधीचं तर आठवलं तरी डोकं फिरतं. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते तेव्हा त्यांच्या तीन मागण्यांपैकी एक नागरिकांच्या सनदेची होती. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ती तत्त्वतः मान्य केली, आमच्या गावात त्या रात्री फटाके वाजले. डिसेंबरमध्ये विधेयकही आलं. प्रत्येक कार्यालयाने कुठलं काम किती दिवसांत करणार ते जाहीर करायचं, तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची, कसूर करणाऱ्याला ५० हजारांपर्यंत दंड. स्थायी समितीचा अहवालही आला. आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपली तसं ते विधेयक मेलं. आणणाऱ्या सरकारने ते मंजूर करून घेतलं नाही, नंतरच्या सरकारने ते पुन्हा आणलं नाही. पक्ष कुठलाही असो, आपल्या बाबूंना हात लागू द्यायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे, असंच मी म्हणणार.

आणि जिथे त्यांना स्वतःची कातडी वाचवायची असते तिथे कायदा झटपट होतो बरं. १८९८ चा पोस्टाचा कायदा बदलला डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात, ज्यात दोन्ही सभागृहांचे मिळून दीडशेच्या आसपास खासदार निलंबित झाले होते. नवीन कायद्यातही इंग्रजांच्या काळातली ढाल तशीच आहे. नियमांत ठरवून दिलेली जबाबदारी सोडली तर पोस्ट आपल्या सेवेबद्दल काहीच देणं लागत नाही. सव्वाशे वर्षांनी कायदा बदलता आणि नेमकं तेच कलम जपून ठेवता?

"महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे की", असं कुणीतरी म्हणेलच. आहे, २०१५ पासून आहे. पण सेवा अधिसूचित यादीत असली तरच तो लागू. अपील करायचं ते त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे, दुसरं अपीलही तिथेच, राज्य सेवा हक्क आयोगाची पायरी त्यानंतर. दंड ५०० ते ५,००० रुपये. आणि आमच्या मजुरांचा रोज, चुलतभावाची रजा, लिंबाखाली ताटकळलेला म्हातारा माणूस, यांची भरपाई कोण करणार? ज्या गावात पुढची सगळी कामं त्याच साहेबाच्या सहीवर अडलेली असतात, तिथे ५०० रुपयांच्या दंडासाठी त्याच्याशी वैर कोण घेईल?

ग्राहक आयोगातही सगळं आलबेल नाही हे मला माहीत आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्या असं लिहिलंय, प्रत्यक्षात वर्षं जातात. रिकाम्या जागा भरत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. तरीही तिथे निदान समोरच्याला ४५ दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याची संधी गेली. आमच्या मोजणी कार्यालयाकडून माझ्या अर्जाला साधं लेखी उत्तर आलेलं नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४२) मध्ये एक वाक्य घाला: फी घेऊन द्यायची प्रत्येक सरकारी सेवा ही सेवा आहे. आणि त्याखाली दुसरं: तारीख देऊन न आल्यास अर्जदाराचा त्या दिवसाचा खर्च कार्यालय देईल आणि तो कसूर करणाऱ्याच्या पगारातून कापून घेईल. एवढी मागणी मी आमच्या खासदारांच्या कार्यालयात लेखी देऊन आलोय, पोच घेतली आहे. ज्यांची ज्यांची मोजणी, फेरफार, नळजोड, दाखले अडलेत त्यांनी आपापल्या खासदाराकडे हेच लिहून द्या. आणि ते मत मागायला दारात आले की विचारा, या दुरुस्तीसाठी तुम्ही सभागृहात कधी उभे राहिलात, तारीख सांगा.